सदतीस टक्के

दहीकाल्यानंतरचा पहिला लिलाव.
पहाटेचे पावणेचार, देवगडची जेटी,
अकरा ट्रॉलर एकाला एक टेकून लागलेले
आणि बर्फाच्या कारखान्यात माझ्या टेबलावर निळा पडदा :
अपडेट होत आहे. संगणक बंद करू नका.
सदतीस टक्के.

कुणाला किती लाद्या, कुणाची उधारी किती,
सगळं त्या निळ्याच्या पलीकडे.
खिडकीशी तांडेल. "वैनी, बरफ सोडतास मां?"
थांबा, म्हटलं, हा काहीतरी करतोय.
"काय करता तो?"
ते मलाही ठाऊक नव्हतं.
त्या दिवशी बांगड्याच्या पावतीमागे पेन्सिलीने हिशेब लिहिला,
आणि सतरा लाद्या कुणाच्या नावावर गेल्या
हे अजून ठरलेलं नाही.

आश्विनात हातात थोडे पैसे आले तेव्हा
कणकवलीची एसटी धरली.
पुलाखालचं दुकान, आत थंडगार,
काउंटरमागे नेरूरकरांचा निनाद.
मी यादी काढली :
बिजागऱ्या दणकट हव्यात, खारी हवा आधी त्याच खाते.
स्क्रू दिसले पाहिजेत, मला सुटले पाहिजेत.
आणि आत लिनक्स. कारखान्यातूनच घातलेला.

"ते कोण घेतं हो?"
तरी त्याने फळीवरून एक खोका काढला, फुंकर मारली.
"हा घ्या. चार हजारांनी स्वस्त.
वर विंडोज मी टाकून देतो.
फुकट. सगळ्यांनाच देतो."

फुकट.
वजनकाट्याशी वीस वर्षं बसलेल्या बाईला हा शब्द कळतो.
फुकटची लादी कुणाच्या तरी मीटरवर गोठलेली असते.
मला फुकट नको होतं.
मला मोकळं हवं होतं.

माझे वडील बोटींची इंजिनं उघडायचे.
बारदानावर एकेक भाग क्रमाने मांडायचे,
आणि एखाद्या नटापाशी अडलं की
जैतापूरच्या दाऊद सोलकरांना निरोप धाडायचे.
सोलकरांनी सांगितलेलं पुढे विजयदुर्गात कुणालाही सांगायचे.
त्याची पावती कधी फाटली नाही.
मग नवी इंजिनं आली, झाकणावर शिक्का घेऊन :
उघडाल तर हमी संपली.
वडील ते झाकण नुसतंच चाचपायचे
आणि स्वच्छ हात फडक्याला पुसायचे.

हे मी निनादला सांगितलं नाही.
म्हटलं, वर काही घालू नकोस. आहे तसा दे.
"आठ दिवसांत परत याल."
"आले तर चहा पाज."

परत जायची वेळ आली नाही असं नाही.
प्रिंटरने चार दिवस तोंड फिरवलं.
मत्स्य खात्याचा फॉर्म उघडला तो विस्कटून,
काना एकीकडे, मात्रा भलतीकडे.
एका रात्री तर खोका शोधून ठेवला होता मी,
परत भरायला.
मग गडहिंग्लजचा कोण कुठला मुलगा,
फोनवर पाऊण तास एकेक ओळ सांगत राहिला,
मी काळ्या पडद्यावर टाइप करत राहिले,
चुकले, खोडलं, पुन्हा,
आणि पावती बाहेर आली. गरम. जराशी वाकडी.
पैसे किती, विचारलं.
"आंब्यांचं बघू, ताई. आत्ता कुठे कार्तिक लागलाय."

झाकणावर एक चित्र चिकटून आलेलं आहे.
काल पहाटे लाद्या ओढता ओढता आबलो तिथेच थांबला,
आकडा तसाच हातात.
"ह्यां काय गे? बदाक?"
पेंग्विन, म्हटलं. बर्फातला पक्षी.
त्याने लादी खाली टेकवली,
लुंगीला हात पुसून जवळ आला,
बराच वेळ बघितलं.
"मगे आमच्यातलोच," म्हणाला,
आणि खिडकीतून वळून हाक दिली :
तीन लाद्यो, जलदेवी, उधार.

मी लिहिलं.