समासात

साठच्या वेगानं निघालेली गाडी
तीस किलोमीटरवरच्या डभोईला किती मिनिटांत पोचेल?
अ, ब, क, ड. एकच गोल काळा करा.

हर्षल शेलारनं एकही केला नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं :
‘केलनपूरला थांबणार ना?’

यंत्र समास वाचत नाही.
सूचना सात : गोलाबाहेरच्या खुणा
वर्गशिक्षकांनी खोडून मगच गठ्ठे बांधावेत.

प्रतापनगरच्या आमच्या शाळेत सातवीची पोरं बावीस,
मराठी माध्यमाची बहुतेक ही शेवटची तुकडी.
सरासरी पन्नासच्या खाली गेली तर वरून फोन येतो,
चाळीसच्या खाली गेली तर माणूस.

मी खोडलं.
चुरा फुंकला, तरी
कागद उजेडात धरला की दिसतच होतं,
प्रश्नचिन्ह तर जास्तच. जोर देऊन काढलेलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठलं त्याला.
किती वेळ थांबते रे?
बाप त्याच मार्गावर फाटकवाला.
‘तीन मिनिटं, बेन.
दुधाचे कॅन चढायचे असले
तर पाच.’

पस्तीस.
पर्यायांत नव्हतं.