बॅटरीवाला

शुक्लाजी स्ट्रीटचे दाताचे डॉक्टर तुंग
शुक्रवारी शेवटच्या खेळाला यायचे, चार आण्यांत.
मी बॅटरीवाला. त्यांची खुर्ची मला पाठ,
भिंतीकडून तिसरी, स्प्रिंग तुटलेली.

पडद्यावर अमेरिकेतलं शहर, धूर, पिस्तुलं,
आणि तळघरात अफू विकणारा एक चिनी,
खरा गोराच, पापण्या डिंकाने ओढलेला.
पब्लिक शिट्ट्या मारी.
तुंग पुढे वाकून बघत.
"कवळी मापाची नाय. वरची हलते."

एकदा हॉटेलच्या दारात फेटेवाला दिसला.
दार उघडलं, मान लववली, संपला.
"ए, तू!" तुंग खुदकन हसले.
त्या दारासाठी मी तो पिक्चर
बारा वेळा पाहिला, पाट्यांसकट.
दार उघडणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

बासष्टच्या थंडीत दवाखान्यापुढे
पोलिसांची गाडी. गल्ली गोळा झाली.
कुणीतरी शिट्टी मारली.
ओळखीची होती, आमच्याच चार आणेवाल्यांतली.

जिन्यात दिवा नव्हता.
तुंग उतरू लागले, हातात एकच पिशवी.
सवयीने मी बॅटरी लावली.
तोंडावर नाही,
पायरीवर.