बारा फोटो, त्यांतले दोन हसरे

लग्नांचा सीझन संपला की मी असली कामं घेतो.
संस्थेच्या बाईंनी बेळगावातच बजावलं होतं:
बारा फोटो. त्यांतले दोन हसरे.
घागर शक्यतो पितळी.

अथणीच्या पुढं, तेलसंगचा फाटा मागं टाकून
डांबर संपतं तिथं ही वस्ती.
घागरी सगळ्या प्लॅस्टिकच्या,
एका डब्यावर रंगाच्या कंपनीचं अर्धं नाव.

वाटेत शुद्ध पाण्याचं घर आहे, सरकारी.
वर कन्नडात बोर्ड, खाली कुलूप,
पाचाचं नाणं टाकायच्या फटीत
गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलेलं.
तो फोटो लगेच निघाला. सोपा होता.

मग बोअर.
हापसा दोनदा कोरडाच खोकला, तिसऱ्यांदा आलं,
आणि काय पाणी!
काच. घागरीचा तळ दिसावा असं.
मी शटर वाढवलं, थेंब हवेत थांबवले.
लगमव्वानं स्क्रीनवर वाकून बघितलं.
"ब्येस आलंय की.
पर ह्यात खारट कुठं दिसतंय?"

बिराप्पाला म्हटलं, हास की रे.
त्यानं ओठ मिटून हसून दाखवलं.
पुन्हा म्हटलं, तर तोंडावर तळहात.
बोटांच्या फटीतून दात:
कपाला चहाचे ओघळ वाळावेत तसे.
त्याचा आज्जा कट्ट्यावर, पाय समोर पसरून,
दुसऱ्याच कुणीतरी ठेवून गेल्यासारखे.

निघताना तिनं पोतं अंथरलं.
"नीरु कुडीरी," म्हणाली,
मग माझं तोंड बघून मराठीत,
"भिऊ नगा. बोअरचं न्हवं.
जतच्या बाजारातनं आणलेलं हाय, पावण्यांचं."
कोपऱ्यात कळशी, फडक्यानं तोंड बांधलेली.
थोरलीच्या गोळ्यांपुरतंही त्यातलंच.
पोरगं कळशीकडं बघत होतं. माझ्याकडं नाही.

माझ्या पिशवीत लेन्सशेजारी
सीलबंद बाटली होती, अजून गार.
नको म्हणायचं तर ती दाखवावी लागली असती.
मी प्यालो. सगळं. गोड होतं.

घरी येऊन अकरा पाठवले.
बाईंचा फोन: एक कमी आहे.
म्हटलं, तेवढेच निघाले.

बारावा माझ्याकडं आहे.
पोत्यावर रिकामं फुलपात्र, काठाला माझे ओठ ओले.
त्या घरात पितळेचं तेवढंच होतं.