निवळ

साहमच्या भाड्याच्या घरामागे बोरीच्या सावलीत
सहा निळी पिंपं. त्यांच्यावर खडूनं
मापारीचं अक्षर:
'आंधळं', 'गाळीव', 'निवळ'
आणि खाली तारखा.
गढूळ तेलाला तो आंधळं म्हणायचा.

कुंजुमोनच्या कॅफेटेरियातून आठवड्याला तीन डबे.
समोसे, कटलेट, केळ्याची भजी, सुरमईच्या तुकड्या
तळून तळून काळं पडलेलं तेल.
घेऊन जा, म्हणायचा, गटाराला तरी किती पाजू.
पहिली गाळणी मापारीच्या जुन्या लुंगीची,
दुसरी जीन्सच्या पायाची, टोक शिवून बंद केलेली,
तिसरी विकतची. तिच्यातून
अख्ख्या रात्रीत एक डबा उतरतो.

पंप हाताचा. पितळ नको, तांबं तर नकोच,
तेल त्यानं नासतं.
नळीचं रबर चांगल्या जातीचं हवं,
स्वस्तातलं फुगतं आणि महिन्याभरात
भाजलेल्या वांग्यासारखं मऊ होतं.
हे त्यानं मला तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा लिहून दिलं.

चिंध्यांचं मात्र दर शुक्रवारी:
तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस.
काडी लावावी लागत नाही,
आतल्या आत तापतात आणि पेटतात.
दोरीवर पसर. वारा लागू दे.
शेजारची बलुची बाई गच्चीवरून विचारायची,
हे कसले कपडे वाळत घालता तुम्ही?

पिकअप सुरू करायची डिझेलवर.
इंजिन तापलं की खटका फिरवून तेलावर घ्यायची,
पोचायच्या दोनेक किलोमीटर आधी परत डिझेल,
नाहीतर नळ्यांत तेल राहतं आणि सकाळी गाडी रुसते.
निघताना डिझेल, पोचताना डिझेल,
मधला सगळा रस्ता भज्यांचा वास.
सोहारच्या राउंडअबाऊटला एकदा पोलिसानं
काच खाली घ्यायला लावली,
आत वाकून बघितलं
आणि विचारलं, खायला काय आहे?

जानेवारीच्या गारव्यात तेल थिजतं,
पांढुरकं, तुपासारखं.
पंपाचा दांडा जागचा हलत नाही.
मापारी पिंपाला स्वतःची गोधडी गुंडाळायचा,
राजापूरहून आणलेली,
आणि आपण चादर घेऊन झोपायचा.
मी हसलो होतो.

फेब्रुवारीत कंपनीनं त्याचा व्हिसा रद्द केला.
चार दिवस मिळाले.
तिसऱ्या दिवशी बॅग भरायची सोडून
हा पिंपाखालचा कॉक उघडून बसलेला.
पाणी तळाला जातं, म्हणाला, आधी ते सोडायचं.
विमानतळापर्यंत अडीच तास
आम्ही तेलाबद्दलच बोललो.

आज चौदा मार्च.
भिंतीकडचं पिंप पुढे ओढलं.
खडू पुसट झालाय, तरी लागतो:
'निवळ. १४ मार्चनंतर.'
म्हणजे तिकीट हातात आल्यावर भरलेलं.
बोटांवर मोजलं असणार त्यानं,
सवयीनं, ओठ हलवत.

नळी सोडली तळापासून चार बोटं वर.
पंप नुसती हवा ओढत राहिला, खरखर, खरखर,
मग दांडा जड झाला.
आलं.
मधाच्या रंगाचं. बरणी उन्हात धरली
तर पलीकडची माझी बोटं दिसली,
नखातल्या काळ्यासकट.

डबा भरला. फडकं दोरीवर पसरलं.
रिकाम्या पिंपात कुंजुमोनचं नवं काळं ओतलं,
खडू शोधला, 'आंधळं' लिहिलं.
माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
तारीख घालताना जरा थांबलो.
माझं कार्ड मार्चअखेर संपतं,
कंपनी अजून काही बोलत नाही.
एप्रिल लिहिला.