नमुन्याची सही

बुरेलाच्या बंदराकडे तोंड करून आमची बँक.
काउंटरवर नवी काचेची पाटी, दोरीला बांधलेलं पेन.
सही केली की आतलं सॉफ्टवेअर मोजतं
हात कुठे उचलला, कुठे रेंगाळला,
आणि जुन्या कागदांशी ताडून आकडा सांगतं.

एलादिओ पेन्शनचे कागद घेऊन आला.
एकोणतीस वर्षं ग्रान सोलच्या पाण्यात,
जाळी ओढून बोटं ताठलेली,
एक तर विंचमध्येच राहिलं.
पेन त्याने मासे सोलायच्या सुरीसारखं धरलं.

एकतीस टक्के. पडदा लाल.
पुन्हा करा, मी म्हटलं.
सत्तावीस.

"मीच आहे की," म्हणाला,
आणि ओळखपत्र गालाला लावून उभा राहिला.
फोटो तोच. भुवईवरचा व्रणसुद्धा तोच.

मी जुने नमुने उघडले.
घराचं कर्ज, मुलीच्या शाळेची फी,
आईच्या कबरीची जागा, दुसरं कर्ज,
पहिलं फेडायला काढलेलं.
एकशे बारा सह्या, सगळ्या एका वळणाच्या.
पहिल्या अक्षराला रुंद कमान,
शेवटच्या 'ओ'ला बारीकशी गाठ,
दोरा तोडण्याआधी मारतात तशी.
तारखा पाहिल्या.
त्यातल्या बहुतेक दिवशी बोट बंदरात नव्हती.

मागच्या बाकावर ओब्दुलिया,
पिशवी मांडीवर, नजर बाहेर सीगलांकडे.
तिच्या ब्लाउजच्या कॉलरला
सुई टोचून ठेवलेली.

फॉर्मवर 'फसवणूक' असा एक चौकोन आहे.
माझा माउस त्याच्यावरून दोनदा गेला.

तेवढ्यात ती उठून आली.
"आण इकडे," म्हणाली, आणि पाटीकडे न बघता
नवऱ्याचं नाव लिहून मोकळी झाली.
अठ्ठ्याण्णव. हिरवा.

तो पडद्यापाशी वाकला,
चष्मा वर केला, खाली केला.
"इतकी सुंदर सही आहे होय माझी?"

तिने उत्तर दिलं नाही.
मी ती सही पुसली. नवे नमुने घ्यायचे ठरवले.
बदलाचं कारण: वय, आजार, दुखापत, इतर.
'इतर' निवडलं,
पुढची ओळ कोरी ठेवली.

पाच सह्या लागतात.
पहिली पाटीबाहेर गेली, दुसरी अर्ध्यात अडकली.
तिसऱ्या वेळी ती त्याच्या खांद्यावरून म्हणाली,
"शेवटी गाठ मार रे,
नाहीतर उसवेल."