हातचा

ब्रनोत रात्रीचे पावणेतीन.
तळघरातल्या खोलीत दिवा घालवून
ब्लाझेना यीस्टच्या एका पेशीकडे बघते आहे.
बेकरीतलीच जात, पाव फुगवणारी,
फक्त एका प्रथिनाच्या गळ्यात
तिने हिरवा कंदील बांधलाय.

मला आधी वाटायचं, पेशीचं पटल म्हणजे
दुधावरची साय, इथूनतिथून सारखी.
तसं नाही.
कडेकडेने हिरवे ठिपके आहेत
आणि ते हलत नाहीत.
तासभर बघा.
तिने बघितलंय, चहा गार करून.

प्रत्येक ठिपका म्हणजे पटलाला पडलेली एक चुणी,
आतल्या बाजूने चिमटीत धरून ठेवलेली.
त्या चुणीत दारवान बसतात,
बाहेरचं आर्जिनिन आत आणणारे.

चुण्यांच्या मधल्या उघड्या जागेत मात्र
रात्रंदिवस ये-जा.
आतून बोचकी येतात दोरांवरून ओढली जात,
बहुतेक सगळी कळीकडे;
कळी वाढतेय, तिला अंग हवंय.
बोचकं पटलाला टेकतं, उकलतं
आणि ज्यात बांधून आणलं
ते फडकंसुद्धा पटलातच जिरून जातं.
रिकामं फडकं घेऊन कुणी परतत नाही.

इतकं येत राहिलं तर पेशी फुगून बसेल,
म्हणून दुसरीकडे पटल आत खेचलं जातं:
खळगा, पिशवी, गाठ.
आत गेलेल्यांपैकी काहींना पुन्हा वर धाडतात.
काही रसधानीत जातात,
तिथून फक्त तुकडे येतात.

आज संध्याकाळी तिने पेशींचं अन्न काढून घेतलं.
भूक लागली की घर काय करतं?
विकायला काढतं.
उघड्यावरचे दारवान एकेक करून मोडीत निघाले.
भरल्या दिवसांत राबणारे, मैदानात फिरणारे,
तेच आधी.
रिकाम्या हातांनी चुणीत शिरलेले
तेवढे राहिले.
खेचणाऱ्यांचा हात तिथे पोचत नाही.

दुसऱ्या काचेवर तीच जात,
पण चिमटा धरणारं प्रथिन काढून टाकलेलं.
चुण्या नाहीत. कंदील सगळीकडे
सांडलेल्या तेलासारखे पसरलेले,
आणि पहाटेपर्यंत
जवळजवळ काळोख.

ब्लाझेना बोलत नाही फारसं.
आज बोलली.
तेल्चजवळ तिच्या वडिलांची बेकरी होती.
बंद पडली त्या हिवाळ्यात
वॉयमीरने परात विकली, तराजू विकला,
भट्टीचं लोखंडी दार किलोवर गेलं.
शेवटी कोट विकायला निघाला, तेव्हा आईने
अस्तर चाचपलं आणि मुकाट्याने कोट परत खुंटीला लावला.
आत कणीक खरवडायची पट्टी शिवलेली होती.
"पट्टीने काय होणार होतं?" मी विचारलं.
"काही नाही," ती म्हणाली,
"पण शेजारच्या गावात भट्टी पेटली
तेव्हा बोलावणं आल्यावर
बाकीचे अवजारं शोधत होते
आणि बाबा निघालेसुद्धा."

पाच वाजता तिने दोन्ही काचांवर साखर सोडली.
पहिल्या काचेवर चुण्यांतून हिरवा
थोडा थोडा बाहेर निथळू लागला,
मैदानात, कामावर.
दुसरीवर पेशी जिवंत होत्या,
पण त्यांना आधी दारवान घडवायचे,
बोचक्यात बांधायचे, वर पाठवायचे.
उशीर. नुसता उशीर.

पहिल्या काचेवरच्या एका पेशीतला
एक ठिपका मात्र सुटलाच नाही.
साखर आली, उजाडलं, तो तसाच.
तिने वहीत लिहिलं: सतरावी पेशी, डावी कड, कारण माहीत नाही.

मग टेबलावर सांडलेला अगार
ती एका जुन्या पट्टीने खरवडत बसली.
लाकडी मुठीला एका बाजूने
मोठ्या अंगठ्याची खाच पडली आहे.
तिचा अंगठा त्यात बसत नाही.