सहावं रीळ

शून्य मैलाच्या दगडावर
समुद्राचं अंतर कोरलेलं नाही.
तरी मे महिन्यात, बर्डीवर,
तीनच्या खेळाला
आम्ही रोज एक जहाज बुडवायचो.

मी सहावीत. कूलरच्या टाकीत पाणी ओतायचं काम माझं,
बादलीमागे पाच पैसे.
पडद्यावर खलाशी पाणी उपसायचे,
इकडे मी भरत असायचो.
ओल्या वाळ्याचा वास म्हणजेच समुद्राचा,
असं पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

एका दुपारी दमडूजी ऑपरेटरला ऊन लागलं.
खिशात कांदा, डोक्यावर ओला दुपट्टा,
अन् सहावं रीळ
पाचव्याच्या आधी लावून मोकळा झाला.

जहाज गेलं. टोप्या तरंगल्या.
मागे कुणीतरी नाक ओढलं.
आणि एकदम झुंबरं पेटली,
तीच माणसं, कोरडी ठणठणीत,
पियानोभोवती नाचताना.

शिट्टी नाही. पैसे परत नाहीत.
डोअरकीपर जिन्याकडे धावला
तर पहिल्या बाकावरची सरूबाई म्हणाली,
"राहू दे ना बापू,
नाचू दे त्याईले."

मी भरलेली बादली खाली ठेवली.
त्या दिवशी कूलर
शेवटपर्यंत कोरडाच फिरला,
गरम वारा फेकत,
आणि कुणी बोललं नाही.